चौथ्या मजल्याची जमीन

पेर्निकमध्ये नोव्हेंबर लागला की
आधी धूर येतो, मग थंडी, मग बिल.
कागद पातळ, निळसर.
पोस्टाच्या खिडकीतली बाई तो परत सरकवताना
हल्ली कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

मी मात्र तीन हिवाळे मान ताठ ठेवून भरलं.
रांगेतल्या बायका विचारायच्या,
"स्टोयान्का, तुझंच एवढंसं कसं?"
"काटकसर," मी म्हणायचे.
एकतीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर होते मी.
कोळशाचा ट्रक फाटकात नुसता वळला
तरी किती भरलाय ते सांगायचे.
मला कोण शिकवणार मोजायला?

तीन खोल्या, तीन रेडिएटर, तिन्ही बंद.
झडपा घट्ट पिळलेल्या, वर फडकी,
मेलेल्याच्या तोंडावर टाकतात तशी.
खिडकीच्या फटींत जुनी वर्तमानपत्रं,
अंगात माझा स्वेटर, त्यावर नवऱ्याचा,
कोपरावर त्याचंच भोक.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी पाय पाहून अंथरूण पसरलं:
पलंगावरून गादी ओढली, थेट खाली.
कारण जमीन कोमट होती.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

खाली, तिसऱ्यावर, गालिन आणि इवेता.
त्यांची मुलगी सात महिन्यांची, छातीनं नाजूक.
रात्री तीनला ती रडायची. इवेता उठायची,
रेडिएटरचं चाक आणखी एक आकडा फिरवायची,
आणि पाच मिनिटांनी, नाही, जरा जास्तच वेळानं,
माझ्या पाठीखाली ऊब यायची,
ताजा पाव फडक्यात गुंडाळून ठेवावा तशी.
मी त्या पोरीच्या रडण्याची वाट बघायला लागले.
सांगायला लाज वाटते,
पण बघायचे.

जानेवारीत गालिन वर आला.
बूट दाराबाहेर काढले. एका हातात टोपी,
दुसऱ्यात तो निळसर कागद.
"तुम्ही आकड्यांतल्या. बघा ना,
कुठेतरी चूक असेल."
मी चश्मा लावला. ओळ न् ओळ तपासली,
बेरीज वरून खाली, मग खालून वर.
पाचशे बारा लेव्हा.
बस-गॅरेजातला त्याचा पगार मला माहीत होता,
आमच्या जिन्यात सगळ्यांचा सगळ्यांना माहीत असतो.
चूक नव्हती.
तो मोज्यांवर उभा होता
माझ्या जमिनीवर,
स्वतःच्याच पैशांवर.

"बरोबर आहे," मी म्हटलं.
"असेल," तो म्हणाला.
आणि जाताना तिन्ही फडक्यांकडे बघून,
"धन्य आहे तुमची. कसं सोसता!"

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन खोल्या बंद केल्या.
पहिल्या रात्री काही कळलं नाही.
दुसऱ्या रात्री जमीन
नुसती जमीन झाली.
तिसऱ्या रात्री पोरगी रडली,
मी श्वास धरून पडून राहिले.
वर काही आलं नाही.
फक्त रडणं आलं.

सकाळी फडकी उचलली.
झडप हलेना. तीन वर्षांचा गंज.
टॉवेल गुंडाळून पिळली, व्हिनेगर ओतलं,
शिव्या दिल्या, त्यासुद्धा खाणीतल्या.
शेवटी खाली जाऊन पान्हा मागितला.
गालिन स्वतःच आला. गुडघ्यांवर बसला,
दातओठ खाऊन फिरवला,
आणि पाईपात आधी खोकला, मग गुडगुड,
मग लांबून कुणी चालत यावं
तसं पाणी.

"तीन हिवाळे उघडलीच नाहीत?
मग जगलात कशा?"

हिशेबात मी पक्की आहे.
तरी उत्तर जुळेना.

उठताना त्यानं तळहात खाली टेकला
आणि चटका बसल्यासारखा उचलला.
"केवढी गार आहे हो तुमची जमीन!"

"आधी नव्हती," मी म्हटलं,
आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.